शून्य पीपीएमचा हट्ट

सांडपाणी शुद्ध करणारा इंजिनिअर आणि प्रवाळांच्या शरीरक्रियेवर संशोधन करणारी मुलगी एका छपराखाली आठवडाभर राहिली, की भांडण कशावरून होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. इंजिनिअर म्हणजे माझा थोरला भाऊ. मेरीलंडमध्ये त्याची सगळी नोकरी पाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस उपसण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यानं तळघरात साडेचारशे लिटरची प्रवाळांची टाकी मांडली आणि तिथंही तेच काम चालू ठेवलं. संशोधक म्हणजे माझी लेक. मी मधे बसून ऐकत होते आणि जमेल तेवढं टिपत होते.

वादाला कारण टाकीनंच दिलं होतं. पांढऱ्या वाळूवर तपकिरी, शेंबडासारखा थर पसरला होता. त्यातून बारीक धागे वर उठले होते आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाशी हवेचा बुडबुडा अडकलेला. काच साफ करणाऱ्या गोगलगाई खाली गळून उताण्या पडल्या होत्या. ॲक्रोपोरा या प्रवाळाच्या फांद्या, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, त्या धुवट रंगाच्या झालेल्या. आणि टाकीशेजारच्या वहीत भावाच्या टपोऱ्या अक्षरात, पीपीएममध्ये (दशलक्ष भागांत किती भाग), लिहिलेलं : नायट्रेट 0, फॉस्फेट 0.

ज्यांनी अशी टाकी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माशांना घातलेलं अन्न शेवटी पाण्यातच उतरतं. त्यातल्या नायट्रोजनचा अमोनिया होतो, जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अन्नातला फॉस्फरस फॉस्फेट होऊन पाण्यात मिसळतो. समुद्रात हे सगळं वाहून जातं, टाकीत साठतं. साठलं की शेवाळ माजतं, प्रवाळ काळपट पडतात, त्यांची वाढ मंदावते. म्हणून हा छंद करणारे लोक स्किमरनं पाणी फेसाळून घाण उपसतात, फेरिक ऑक्साइडची पिशवी टांगून फॉस्फेट शोषून घेतात आणि हे दोन आकडे खाली ठेवायला धडपडतात. किती खाली, यावर दोघांचं बिनसलं.

मामा : दोन्ही आकडे शून्य आहेत, तरी हा चिखल. म्हणजे कुठंतरी घाण अडकलीय. स्किमर आणखी जोरात चालवतो, फेरिक ऑक्साइडची पिशवी बदलतो आणि माशांचं खाणं निम्मं करतो.

भाची : मामा, शून्य आहे म्हणूनच हा चिखल आहे.

मामा : हे कुठल्या तर्कात बसतं? शेवाळाला खत लागतं. खत नाही, तर शेवाळ नाही.

भाची : हे नेहमीचं शेवाळ नाही, डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय नक्की जात सांगणार नाही, पण गोगलगाई अशा मरत असतील तर माझा संशय ऑस्ट्रिऑप्सिसवर. त्याच्यात विष असतं. एरवी या जागेवर हिरवं शेवाळ असतं, डायटम असतात, जीवाणूंचे थर असतात. ते एकमेकांना फार माजू देत नाहीत. तू त्या सगळ्यांना उपाशी मारलंस. आणि हा गडी असा आहे की उन्हावरही जगतो आणि दुसरे जीव गिळूनही जगतो.

मामा : मी चेसापीक बे बघितलाय गं. उन्हाळ्यात पाण्यावर शेवाळाची साय येते. ते मरून तळाला बसतं, कुजताना सगळा प्राणवायू खातं. मग खाली ना मासा, ना खेकडा. हे सगळं नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळं. 2010 मध्ये केंद्रातल्या पर्यावरण खात्यानं अख्ख्या उपसागरासाठी प्रदूषणाची कमाल मर्यादा ठरवून दिली, तेव्हा एकेका मिलिग्रॅमसाठी आम्ही रक्त आटवलंय. जीवाणूंनी नायट्रेट फोडावं म्हणून पाण्यात मिथेनॉल सोडायचं, फॉस्फरस खाली बसावा म्हणून लोहाचे क्षार घालायचे. टाकीत मी वेगळं काय करतो? मिथेनॉलच्या जागी व्होडका, लोहाच्या क्षारांच्या जागी दाणेदार फेरिक ऑक्साइड.

व्होडकाचं खोटं नाही. दारूतला कार्बन खाऊन जीवाणू वाढतात, वाढताना पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट अंगात घेतात आणि स्किमरच्या फेसाबरोबर बाहेर पडतात. काही जण व्हिनेगर वापरतात. तेवढाच कार्बन द्यायचा तर साधं व्हिनेगर व्होडकाच्या आठपट लागतं. तळघरातल्या त्या बाटलीचा खुलासा पाहुण्यांपुढे वहिनीला करावा लागतो, म्हणून ती व्हिनेगरच्या बाजूची आहे.

भाची : तुझ्या कारखान्यात तू पाणी स्वच्छ करून नदीत सोडून देत होतास. त्या पाण्यात कुणी राहणार नव्हतं. इथं प्रवाळ राहतात.

मामा : प्रवाळ राहतात म्हणूनच. खऱ्या प्रवाळभिंतीवरचं पाणी तपासून बघ. नायट्रेट एक दशांश पीपीएमच्या आसपास, फॉस्फेट एक शतांश. डार्विनच्या नावानं ओळखलं जाणारं कोडं हेच ना, की एवढ्या नापीक पाण्यात एवढी भरगच्च जीवसृष्टी कशी? पाणी नापीक आहे तिथंच प्रवाळ जिंकतात. पाण्यात खत आलं की शेवाळ जिंकतं.

भाची : तुझा आकडा बरोबर आहे, त्याचा अर्थ चुकतोय. किटमध्ये दिसते ती पासबुकातली शिल्लक. प्रवाळ शिलकीवर जगत नाहीत, उलाढालीवर जगतात. भिंतीवरून दिवसरात्र पाणी वाहत असतं. त्यातला प्रत्येक थेंब थोडं काहीतरी देऊन जातो. रात्री प्लवक वर येतात, प्रवाळ हात पसरून ते खातात. माशांची विष्ठा पडते, ती खातात. कुरसावजवळच्या भिंतीवर काम करणाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवून दिलं, की पाण्यात विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य स्पंज शोषून घेतात आणि आपल्या पेशी झाडून त्याचा खाण्याजोगा गाळ करतात. तो गाळ दुसरे प्राणी खातात. पडलेला कण न् कण कुणीतरी उचलतं, म्हणून शिल्लक शून्याजवळ दिसते. तुझ्या टाकीत शिल्लक शून्य आहे, कारण जमाच काही होत नाही. मासे किती? सात. खाणं चिमूटभर. तेही निम्मं करायचं म्हणतोस.

इथं भाऊ गप्प झाला. पण तो हार मानून गप्प होणारा माणूस नाही. तो उठून वर गेला आणि कागद घेऊन आला.

मामा : हवाई. ओआहू बेटावरचा कानेओहे उपसागर. तिथं वर्षानुवर्षं मैलापाणी सोडलं, तळावर हिरव्या बुडबुड्यांसारखं शेवाळ माजलं, प्रवाळ त्याखाली गुदमरले. 1977-78 मध्ये मैलापाणी खोल समुद्राकडे वळवलं, शेवाळ ओसरलं, प्रवाळ परत आले. दुसरं. ग्रेट बॅरियर रीफवरचं वन ट्री आयलंड. किन्से आणि डेव्हिस यांनी तिथल्या भिंतीच्या एका तुकड्यावर नायट्रोजन आणि फॉस्फेट घातलं. कॅल्शियम बसण्याचा वेग निम्म्याहून खाली गेला. 1979 चा शोधनिबंध आहे. फॉस्फेट स्फटिकाच्या वाढत्या टोकाला जाऊन चिकटतं आणि पुढची वाढ अडवतं. हे रसायनशास्त्र आहे, माझं मत नाही.

भाची : दोन्ही मान्य. समुद्रात मैलापाणी सोडावं असं मी या जन्मात म्हणणार नाही. त्याच्याबरोबर गाळ येतो, रोगजंतू येतात. पण त्याच वन ट्री आयलंडवर 1990 च्या दशकात पुन्हा मोठा प्रयोग झाला, एन्कोर नावाचा. छोट्या छोट्या प्रवाळ-वर्तुळांत मोजून नायट्रोजन आणि फॉस्फरस घातलं. कमी मात्रेच्या टप्प्यात प्रवाळ मेले नाहीत.

मामा : मग?

भाची : मात्रा वाढवल्यावर काही मेले. आणि पुनरुत्पादनाला दोन्ही टप्प्यांत फटका बसला.

मामा : म्हणजे माझंच म्हणणं!

भाची : अर्धं तुझं. जास्त झालं तर वाईट, हे कोण नाकारतंय? पण 'जास्त वाईट' आणि 'शून्य उत्तम' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही.

यानंतर तिनं जे सांगितलं ते मला या सगळ्या वादातलं मोलाचं वाटलं, म्हणून जरा सविस्तर देते. प्रवाळाच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाल राहतं. ते उन्हावर साखर बनवतं आणि बरीचशी यजमानाला देतं. त्या बदल्यात त्याला जागा मिळते, आणि यजमानाच्या टाकाऊ द्रव्यातून नायट्रोजन-फॉस्फरस मिळतो. साउदॅम्प्टन विद्यापीठात योर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी टाकीतल्या प्रवाळांवर काम करून 2013 मध्ये 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये लिहिलं, की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट मात्र नाही, अशी अवस्था आली की प्रवाळ उष्णतेला आणि उजेडाला लवकर बळी पडतात. नायट्रोजन मिळत असल्यामुळं शैवालाच्या पेशी वाढत राहतात, पण त्यांच्या पटलांना फॉस्फरसयुक्त मेद लागतो. तो मिळाला नाही की पेशी त्या जागी गंधकयुक्त मेद वापरून वेळ मारून नेतात. प्रकाशसंश्लेषण करणारी पटलं मग कच्ची राहतात, आणि ऊन किंवा पाणी जरा तापलं की सगळं कोलमडतं. प्रवाळ पांढरे पडतात. म्हणजे फॉस्फेट जास्त असल्यामुळं जे नुकसान होतं ते वेगळं, आणि नसल्यामुळं होतं ते वेगळं. छंदवाल्यांच्या पुस्तकांनी वर्षानुवर्षं पहिलंच तेवढं शिकवलं.

मामा : माझ्याकडे नायट्रेटही नाही. मग हा असमतोल माझ्याकडे लागू कसा?

भाची : तुझ्याकडे सरळ उपासमार आहे. शैवालाची संख्याच घटलीय, म्हणून रंग धुवट. लोक त्याला पेस्टल म्हणून मिरवतात. टाकीवर दिवे जोरदार, आणि आत ते ऊन झेलायला शैवाल कमी. एक दिवस हीटर बिघडला तरी फांद्या जातील.

मग आकड्यांचीच झडती सुरू झाली, आणि मला वाटतं, भावाचा बालेकिल्ला तिथं ढासळला. त्याचं फॉस्फरस मोजायचं यंत्र तळहातावर मावेल एवढं आहे. 10 मिलिलिटर पाणी कुपीत घ्यायचं, ती शून्यावर लावायची, पुडीतली पावडर घालायची, दोन मिनिटं हलवायची, तीन मिनिटं थांबायचं. लेकीनं कुपी उजेडात धरली. काचेवर भावाच्या अंगठ्याचा ठसा होता आणि आत एक बुडबुडा. तिनं कुपी मऊ कापडानं पुसली, बुडबुडा टिचकीनं उडवला आणि पुन्हा मोजलं. आधी 6 आले होते, आता 2.

भाची : हे आकडे पीपीबीमध्ये आहेत, म्हणजे अब्जात किती भाग, आणि फॉस्फरसचे. फॉस्फेट हवं तर 3.07 नं गुणायचं. आता माहितीपत्रकात बघ, यंत्राचीच चूक किती दिलीय?

मामा : पाच पीपीबी इकडे किंवा तिकडे. वर वाचनाच्या पाच टक्के.

भाची : म्हणजे 2 आणि 6 यांत फरक नाही. तू वहीत शून्य लिहितोस ते शून्य नसतं, 'यंत्राला दिसत नाही' एवढंच असतं. शिवाय ज्या टाकीत केसाळ शेवाळ गुडघाभर माजलंय तिथंही किट शून्य दाखवू शकतं, कारण आलेलं सगळं शेवाळ लगेच ओढून घेतं.

मामा : (वही उलटी ठेवत) बरं. मग मला प्रमाण सांग. 16 ला 1 धरू?

रेडफिल्डनं 1934 मध्ये समुद्राच्या पाण्यातल्या आणि प्लवकांच्या शरीरातल्या नायट्रोजन-फॉस्फरसचं गुणोत्तर मांडलं. त्यातून पुढे आलेला 16 ला 1 हा आकडा छंदवाल्यांच्या तोंडी बसला आहे. आकड्याला आकडा भेटला की इंजिनिअरला बरं वाटतं, हे मी लहानपणापासून बघत आले आहे.

भाची : ते अणूंचं गुणोत्तर आहे. पीपीएममधल्या नायट्रेट-फॉस्फेटला लावायचं तर साधारण साडेदहाला एक होतं. लोक 16 तसाच उचलून लावतात, तिथंच पहिली गफलत होते. दुसरी अशी, की ते प्लवकांचं सरासरी गणित आहे, तुझ्या टाकीचं पथ्य नव्हे. नायट्रेट 5 आणि फॉस्फेट 0.05 असलेल्या टाक्या छान चालतात. ते शंभराला एक झालं. दोन्ही आकडे स्पष्ट दिसतील एवढे असावेत, आणि आठवड्या-आठवड्याला उड्या मारू नयेत. मी एवढंच बघते.

मामा : मालवणला डुबकी मारून आल्यापासून तुला गढूळ पाण्याचं प्रेम जडलंय.

भाची : जडलंच आहे! मालवणच्या सागरी अभयारण्यात पाणी कधी कधी हातभरसुद्धा दिसत नाही. पावसाळ्यात नद्यांचा गाळ येतो. तरी तिथं पोरायटीस आहे, टर्बिनारिया आहे.

मामा : आहेत ना, जाड कातडीचे. तिथं ॲक्रोपोराच्या फांद्यांचं राज्य आहे का?

भाची : नाही.

मामा : मग माझ्या टाकीला मालवणचा दाखला देऊ नकोस. जो प्राणी पाळायचा, पाणी त्याच्या सवयीचं हवं.

हा मुद्दा भावाचा, आणि पक्का. टर्बिनारियाला चालतं ते ॲक्रोपोराला चालेलच असं नाही. (मालवणात कुणी ही टाकी मांडायला जाऊ नये. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. अमेरिकेत भाऊ तुकडे विकत घेतो ते टाकीतच वाढवलेल्या प्रवाळांचे.)

भाची : मला एक सांग, हा लोहाचा सोस सुरू कधी झाला?

मामा : दगडांमुळं. एका मोडलेल्या टाकीतले जुने दगड स्वस्तात मिळाले. पाण्यात फॉस्फेट 0.3. पाणी बदललं तरी दोन दिवसांत पुन्हा तिथंच.

भाची : येणारच. ॲरॅगोनाइटचा दगड फॉस्फेट धरून ठेवतो. पाण्यातलं कमी झालं की आपल्यातलं सोडतो. नायट्रेटचं तसं नाही. तिथं साधं गणित चालतं. 40 असेल आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललंस, तर नव्यानं काही न मिसळता दहा आठवड्यांनी 14 वर येतं. फॉस्फेटला हे लागू पडत नाही, दगड मधे येतो.

मामा : हेच म्हणतोय मी. म्हणून पिशवी लावली. आठवड्यात 0.3 वरून यंत्राला दिसेना इतकं खाली आणलं.

भाची : आठवड्यात? आणि फांद्यांची कातडी बुडापासून सोलली ती कधी?

भावानं उत्तर दिलं नाही. उत्तर वहीतच होतं. पुढच्याच पानावर, त्याच टपोऱ्या अक्षरात.

भाची : 0.3 वर ते जगत होते, मामा. काळपट होते, पण जगत होते. महिना-दोन महिने घेऊन खाली आणलं असतंस तर सवय करून घेतली असती.

मामा : ठीक. मग आता करायचं काय? हा चिखल बघवत नाही.

भाची : लोहाची पिशवी काढ. व्होडका रोज थोडी थोडी कमी कर, एकदम तोडू नकोस. जीवाणू एकाच वेळी मेले तर नवीनच घोळ होईल. स्किमर चालू ठेव. माशांना दोन वेळा पोटभर घाल. ऑस्ट्रिऑप्सिस निघालाच तर तो रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतो, तेव्हा पाणी अतिनील दिव्यातून फिरव.

मामा : दिवा लावतो. स्किमर राहणार म्हणतेस, बरं. म्हणजे भरपूर घालायचं आणि भरपूर काढायचं. हे मला कळतं. असंच आधी सांगितलं असतंस तर एवढा वेळ गेला नसता.

भाची : आणि नायट्रेटची बाटली.

मामा : नाही. खाणं वाढवतो, तेवढं पुरे. जे काढायला मी जन्म घालवला ते बाटलीतून ओतायला सांगू नकोस.

भाची : खाण्यातून चढायला वेळ लागेल. तोवर हा थर प्रवाळांवर चढेल. खाण्याबरोबर अमोनिया येतो, सेंद्रिय कचरा येतो, किती आला ते तुला कळणारही नाही. बाटलीतलं तू मोजून घालशील.

मोजून घालण्याची गोष्ट निघाल्यावर भावानं खुर्ची पुढे ओढली. त्यानं पेन उघडलं.

मामा : दगड आणि वाळू वजा जाता पाणी 400 लिटर. नायट्रेट 2 पीपीएमवर न्यायचं म्हणजे 800 मिलिग्रॅम. सोडियम नायट्रेट घेतलं तर 1.1 ग्रॅम. एकदम नाही, चार दिवसांत वाटून. बरोबर?

भाची : बरोबर.

मामा : फॉस्फेट 0.03 करायला 12 मिलिग्रॅम. हे तर डोळ्यांनाही दिसणार नाही.

भाची : आणि घातल्यावर दुसऱ्या दिवशी यंत्रालाही दिसणार नाही. तू दगड रिकामे करून ठेवलेस, ते आधी आपलं भरून घेतील. रोज घाल, रोज मोज, आकडा टिकेपर्यंत.

मामा : किती दिवस?

भाची : दगड किती पितात त्यावर आहे.

मामा : आणि 0.1 च्या वर गेलं तर?

भाची : तर पिशवी परत लाव. अर्धी.